सिस्टीम चुकत नसते, कुणीतरी टिक केलेली असते



मागच्या हिवाळ्यातला एक रविवार. बाहेर बर्फ, घरात कांदेपोहे, आणि माझा मावसभाऊ सोफ्यावर एकटाच खुदुखुदू हसतोय. तो इथेच ओटावाच्या कनाटा भागात प्रोग्रामर आहे, त्याआधी पाच वर्षं हिंजवडीत होता. मी बांधकामावर सुपरवायझर. दोघं एकाच मावशीच्या हातचं खाऊन वाढलो, पण तो शर्टाला इस्त्री करून कामावर जातो आणि मी सिमेंट झटकत घरी येतो.

"काय रे, काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही दादा, ऑफिसातला जोक आठवला." आणि त्याने सांगितला. ओटावातच मुख्यालय असलेल्या शॉपिफायच्या साहेबांनी, टोबी लुटके यांनी, एप्रिल २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना कळवलं की नवा माणूस मागण्याआधी ते काम एआयकडून होत नाही हे दाखवून द्या. त्यावर याच्या ऑफिसात चहाच्या वेळी एकजण म्हणाला, "ठीक आहे. साहेबाचं काम एआयला जमत नाही, हे कुणी सिद्ध करायचं?"

मलाही हसू आलं. मग त्याने जुना एक सांगितला. याच कंपनीने जुलै २०२२ मध्ये दहा टक्के लोक काढले. साहेबांनी मोकळेपणाने लिहिलं की धंदा किती वाढेल यावर पैज लावायचा निर्णय माझा होता आणि तो चुकला. पुढे मे २०२३ मध्ये आणखी वीस टक्के गेले. प्रोग्रामरांचा त्यावरचा शेरा एवढाच: "पैज त्यांनी लावली, हरलो आम्ही."

या लोकांची ही एक तऱ्हाच आहे बघा. त्यांच्या धंद्यातली कुठलीही मोठी बातमी आली की ते आरडाओरडा करत नाहीत. एक कोरडं वाक्य टाकतात आणि परत कामाला लागतात. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन आठवड्याला नव्वद तास कामाबद्दल बोलले, रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार असं विचारलं. अख्ख्या देशातल्या आयटीवाल्यांनी त्यावर विनोद केले. त्याआधी २०२३ मध्ये नारायण मूर्ती सत्तर तासांचं बोलले होते, तेव्हाही तेच. पण एक गोष्ट त्या हशात विरून गेली. लार्सन अँड टुब्रो ही मुळात बांधकामातली कंपनी. आणि त्याच साहेबांनी पुढच्याच महिन्यात तक्रार केली की मजूर हल्ली गाव सोडून कामाला यायला तयार नाहीत, सरकारी योजनांमुळे सुखावलेत. यावर कुणी विनोद केल्याचं मी ऐकलं नाही. आपल्यावरची बातमी कुणाला विनोदाइतकीही वाटत नाही.

म्हणून आज लिहायला बसलोय. प्रोग्रामरांच्या या हसण्याबद्दल मला त्यांना दोन शब्द सुनवायचे आहेत, आणि त्याहून जास्त तुम्हाला आणि मला. कारण दुबईत, दोह्यात, सिंगापुरात किंवा इथे ओटावात, आपली हजेरी आता मुकादमाच्या वहीत राहिलेली नाही. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे. ते सॉफ्टवेअर लिहिणारे हसतायत, याचा अर्थ त्यांना काहीतरी माहीत आहे जे आपल्याला माहीत नाही.

त्यांना काय माहीत आहे?

इथलंच उदाहरण घ्या. कोविडच्या काळात कॅनडात येणाऱ्या प्रत्येकाला अराइव्हकॅन नावाचं ॲप भरावं लागायचं. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी विमानतळावर घाम पुसत ते भरलं असेल. सुरुवातीच्या आवृत्तीचा खर्च सुमारे ८० हजार डॉलर. मग बदल होत गेले आणि आकडा फुगत गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये ५ कोटी ४० लाखांचा आकडा चर्चेत होता, तेव्हा टोरांटोतल्या दोन कंपन्यांच्या प्रोग्रामरांनी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत बसून दोन दिवसांत तसंच दिसणारं ॲप उभं करून दाखवलं. सरकारी यंत्रणेशी जोडणी आणि सुरक्षितता हे काम दोन दिवसांत होत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण त्यांना जे म्हणायचं होतं ते सगळ्या देशाला कळलं.

पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये देशाच्या महालेखापरीक्षक कॅरन होगन यांचा अहवाल आला. अंदाजे खर्च ५ कोटी ९५ लाख डॉलर. अंदाजेच, कारण नोंदी इतक्या वाईट ठेवलेल्या की नक्की आकडा त्यांनाही काढता आला नाही. ॲपच्या १७७ आवृत्त्या निघाल्या आणि बऱ्याच आवृत्त्यांच्या चाचणीचा धड कागदच नाही. जून २०२२ मधल्या एका आवृत्तीने सुमारे १० हजार लोकांना काही कारण नसताना विलगीकरणात बसायला सांगितलं. आता स्वतःला विचारा, त्या दिवसांत ज्याला रोजावर जायचं होतं त्याच्या खाड्यांचे पैसे कुणी भरून दिले असतील?

यात आपल्या ओळखीचं एक पात्रही होतं. जीसी स्ट्रॅटेजीज नावाची दोन माणसांची कंपनी. प्रोग्राम ते लिहीत नव्हते. सरकारकडून काम घ्यायचं, दुसऱ्यांकडून करून घ्यायचं, मधली पंधरा ते तीस टक्के ठेवायची. लेखापरीक्षकांच्या अंदाजाने या कंपनीला १ कोटी ९१ लाख डॉलर गेले. त्यांच्या एका मालकाला एप्रिल २०२४ मध्ये संसदेत उभं करून समज दिली गेली. आपल्याकडे अशा माणसाला दलाल म्हणतात. गल्फला जाताना ज्याने तुमच्या आईच्या पाटल्या मोडायला लावल्या तोच हा, फक्त याचा टाय महाग आहे.

माझा भाऊ या प्रकरणावरचे डझनभर विनोद सांगतो. सगळ्या विनोदांत मुद्दा एकच असतो: 'सिस्टीम' नावाचं कुणी नसतं. प्रत्येक बिघाडामागे एक बैठक असते, एक सही असते, एक कापलेली ओळ असते. आत बसलेल्याला हे दिसतं, म्हणून तो हसतो. बाहेरच्या खिडकीशी उभ्या असलेल्या आपल्याला मात्र सांगितलं जातं, "सॉरी, सिस्टीममध्ये प्रॉब्लेम आहे."

पगाराचा पक्षी

ओटावात राहून फिनिक्सबद्दल बोललं नाही तर पाप लागेल. इथल्या केंद्र सरकारच्या नोकरांचा पगार करायला आणलेलं हे सॉफ्टवेअर. आयबीएमने बसवलं, २४ फेब्रुवारी २०१६ रोजी सुरू झालं, आणि एप्रिलपर्यंत १०१ खात्यांतले सुमारे २ लाख ९० हजार लोक त्यावर गेले. हेतू काय, तर वर्षाला ७ कोटी डॉलर वाचवायचे. पगाराचा हिशेब करणारे जुने जाणकार कारकून कमी केले आणि काम न्यू ब्रन्सविकमधल्या मिरामिशी गावात एका जागी नेलं. पगाराचे नियम इतके किचकट की ते त्या जुन्या माणसांच्या डोक्यात होते. माणसं गेली, नियम त्यांच्याबरोबर गेले.

मग काय झालं? कुणाला निम्मा पगार, कुणाला शून्य, कुणाला दुप्पट, आणि दुप्पटवाल्याला नंतर वसुलीचं पत्र. जून २०१७ च्या अखेरीला चुकलेल्या पगारांची रक्कम ५२ कोटी डॉलरच्या वर होती. आपल्यासारखे हातावर पोट असलेले नव्हेत, पक्की सरकारी नोकरी असलेले लोक घराचा हप्ता कसा भरायचा म्हणून रडत होते.

राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचं नाव पगाराच्या यंत्राला दिलं, तेव्हाच प्रोग्रामरांनी ओळखलं म्हणे, की आधी राख होणार आहे.

आता २०१८ मध्ये महालेखापरीक्षक मायकल फर्ग्युसन यांनी काय सांगितलं ते नीट वाचा, आणि वाचताना साइट डोळ्यांपुढे ठेवा. मंजूर बजेट १५ कोटी ५० लाख. आयबीएमने सांगितलं, काम नीट करायचं तर २७ कोटी ४० लाख लागतील. जास्त पैसे मागण्याऐवजी काम कापलं. पगाराची ९८४ कामं यंत्राने करायची ठरली होती, त्यातली शंभराहून जास्त काढली किंवा पुढे ढकलली. आधी एका खात्यात चालवून बघायची चाचणी ठरली होती, तीही रद्द केली. आणि हे सगळं करून ठरल्या तारखेला चालू केलं.

तुम्ही गवंडी असा, सेंट्रिंगवाले असा, स्टील बांधणारे असा. मला सांगा, ड्रॉइंगमधल्या दर दहा सळयांतली एक काढली, क्यूब टेस्ट केलीच नाही, आणि पाहुणे येणार म्हणून ठरल्या दिवशी सेंट्रिंग खोलून टाकलं, तर त्या स्लॅबखाली तुम्ही उभे राहाल का? फर्ग्युसन यांनी याला प्रकल्प चालवण्यातलं आणि देखरेखीतलं अनाकलनीय अपयश म्हटलं. आपल्या साइटवरचा बिगारीसुद्धा याला अनाकलनीय म्हणणार नाही. तो म्हणेल, "साहेब, सळई चोरली."

एकाच हिवाळ्यातल्या दोन गोष्टी

आता एक तारीख लक्षात ठेवा. २४ डिसेंबर २००९, टोरांटो. नाताळच्या आदल्या संध्याकाळी एका उंच इमारतीच्या बाल्कन्यांची दुरुस्ती चालू होती. लटकत्या पाळण्यावर सहा कामगार आणि सुरक्षेच्या दोऱ्या दोन. पाळणा तुटला. चार जण मेले, एक कायमचा जायबंदी झाला. परदेशातून पोटासाठी आलेले लोक होते, आपल्यासारखेच. त्या कामावरच्या प्रोजेक्ट मॅनेजरला जानेवारी २०१६ मध्ये कोर्टाने साडेतीन वर्षांची शिक्षा दिली. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की दोऱ्या पुरेशा नाहीत हे तुला माहीत होतं आणि तरी तू माणसं वर राहू दिलीस.

माझ्या धंद्यातल्या प्रत्येक सुपरवायझरला हा खटला माहीत आहे. ओंटारियोचा कायदा सुपरवायझरला नावानिशी जबाबदार धरतो. सकाळी पाळण्याची तपासणी मी लिहितो तेव्हा खाली माझी सही असते. 'सिस्टीमने पाळणा सोडला' असं मला म्हणता येत नाही.

आणि सुमारे सहा आठवड्यांनी, त्याच २०१६ च्या फेब्रुवारीत, याच प्रांतातल्या राजधानीतून फिनिक्स सोडलं. बजेट जमवायला कामं कापणारे आणि चाचणी नसताना चालू करणारे निर्णय तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हातून झाले, असं लेखापरीक्षकांनी लिहिलं. त्यासाठी कुणी कोठडीत गेलं नाही. पगार बुडणं म्हणजे मरण नव्हे, हे मला कळतं. चार जिवांची आणि पगाराच्या चिठ्ठीची मी तुलना करत नाही. पण निदान निर्णयाखाली एक नाव, एक सही, चुकलं तर पुढे येऊन उभं राहणारा एक माणूस, एवढं तरी पगाराच्या यंत्राला का नको?

आता माझं पाप

दुसऱ्यावर बोट दाखवलं, आता उरलेली तीन बोटं माझ्याकडे वळवतो.

मी काम करतो त्या कंपनीने काही काळापूर्वी हजेरीसाठी ॲप आणलं. प्रत्येक कामगाराच्या मोबाइलवर. साइटच्या नकाशावर एक कुंपण आखलेलं. आत आलात की कामावर, बाहेर गेलात की सुट्टी. दर शुक्रवारी माझ्या स्क्रीनवर सगळ्यांचे तास यायचे आणि मी 'मंजूर' दाबायचो. सत्तावीस माणसं, दोन मिनिटांत काम खलास. पूर्वी मस्टर भरायला तासभर जायचा. मी खूष होतो.

आमच्याकडे सेंट्रिंगला जत तालुक्यातले एक काका होते. पन्नाशी ओलांडलेले, आधी मस्कत, मग इकडे मुलाकडे. खिशात छोटी वही. रोज संध्याकाळी बसमध्ये बसून त्यात लिहायचे: तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, काम काय केलं, जेवायला थांबलो की नाही. एका शुक्रवारी माझ्याकडे आले.

"साहेब, माझ्या वहीचं आणि तुमच्या मोबाइलचं जमत नाही. अकरा आठवड्यांत एकोणीस तास कमी पडतात."

मी स्क्रीन बघितली आणि म्हणालो, "काका, सिस्टीममध्ये तर असंच आहे."

ते शांतपणे म्हणाले, "मग सिस्टीमला हजेरी कोण सांगतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. "ऑफिसला विचारतो" म्हणालो. ऑफिसने मला तेच सांगितलं जे मी काकांना सांगितलं होतं. मी गप्प बसलो. दोन आठवडे गप्प बसलो, आणि दोन्ही शुक्रवारी 'मंजूर' दाबलं. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिलं नाही तर वरचं सगळं लेक्चर फुकट आहे.

मग त्या पोह्यांच्या रविवारी, भावाचे विनोद ऐकून हसता हसता माझा आवाज चढला. मी म्हणालो, "तुमचं हसणं होतंय, इकडे आमच्या एका माणसाचे एकोणीस तास गेलेत." तो हसायचा थांबला. म्हणाला, "लॅपटॉप आण दादा."

माझ्याच लॉगिनमध्ये, मी कधी न उघडलेल्या एका पानावर नियम होते. दहा मिनिटांत त्याने दाखवलं. पहिला नियम: जेवणाची अर्धा तास सुट्टी आपोआप वजा, कामगार थांबला असो नसो. कंक्रीट ओतायच्या दिवशी कुणी जेवायला थांबतं का? पंप चालू असताना थांबलं तर स्लॅबला सांधा पडतो. मीच ओरडून सांगतो, "आटपा, नंतर जेवा." आणि माझंच ॲप तो अर्धा तास कापत होतं. दुसरा नियम: मोबाइलचं लोकेशन पंधरा मिनिटं सापडलं नाही तर माणूस बाहेर गेला असं धरायचं. काका तळघरातल्या पार्किंगच्या तिसऱ्या मजल्यावर काम करायचे. तिथे देवाचाही सिग्नल लागत नाही.

भाऊ म्हणाला, "दादा, हा एरर नाहीये. ही सेटिंग आहे. कुणीतरी इथे टिक केलंय."

मंडळी, हे वाक्य मी हेल्मेटच्या आत लिहून ठेवलंय.

सोमवारी काकांच्या वहीच्या पानांचे फोटो, कंक्रीट ओतल्याच्या दिवसांची यादी आणि त्या दोन नियमांचे फोटो जोडून मी ऑफिसला लेखी पाठवलं. खाली माझी सही. तीन आठवडे लागले. दोन्ही टिका काढल्या गेल्या, काकांचे आणि ज्यांनी काही ना काही लिहून ठेवलं होतं अशा आणखी चौघांचे पैसे पुढच्या पगारात आले. माफीचं अक्षर आलं नाही. ज्यांनी लिहून ठेवलं नव्हतं त्यांना काही मिळालं नाही. आणि जे त्याआधीच काम सोडून गेले त्यांचे तास मी मंजूर केलेले आहेत. ते कुठे आहेत मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणी असेल तर मला शिव्या घालायचा तुम्हाला हक्क आहे.

"पण मुकादम तरी कुठे साधू होता?"

कुणीतरी हे विचारणारच. बरोबर आहे. मी काही जुन्या वहीची आरती ओवाळत नाही. ज्या महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळातून देशाला रोजगार हमी दिली, त्याच महाराष्ट्रात बोगस मस्टरही पिकले. मेलेली माणसं खडी फोडताना दाखवली गेली. म्हणून हजेरीला यंत्र आणलं याला माझा विरोध नाही.

पण यंत्र आल्यावर काय झालं? १ जानेवारी २०२३ पासून देशभर रोजगार हमीच्या कामांवर मोबाइल ॲपने हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोनदा फोटो. जिथे नेटवर्क नाही तिथे घाम गाळलेल्या बाईचा दिवस गेला, आणि ज्यांना लबाडी करायची त्यांनी फोटोचाच फोटो काढून चढवला. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाला स्वतःच या लबाडीबद्दल परिपत्रक काढावं लागलं. म्हणजे चोर शिकला, मजूर बुडाला. वहीतल्या चोरीत निदान मुकादमाची कॉलर धरता यायची. मोबाइलची कॉलर कुठे असते?

प्रोग्रामर बंधूंनो, जरा इकडे

हा ब्लॉग तुम्ही वाचत नाही, पण तुमचा एखादा भाऊ, मेहुणा, गावाकडचा मित्र वाचत असेल आणि तुम्हाला पाठवेल. तुमचे विनोद चांगले असतात. पण तुमच्या विनोदाने तुमचं मन हलकं होतं, आमचा खिसा नाही. ज्या बैठकीत चाचणी रद्द होते त्या बैठकीत तुम्ही असता. 'हे आपोआप वजा करा' असं जेव्हा कुणी सांगतं, तेव्हा कीबोर्डवर हात तुमचे असतात. बाहेर येऊन कोरडा शेरा मारण्याआधी आत एक ओळ लेखी टाका: याने कामगाराचे तास कापले जातील.

तुमच्यातल्या एकाने हे करून दाखवलंय. ब्रिटनमध्ये पोस्टाच्या होरायझन नावाच्या संगणक प्रणालीने हिशेबात तूट दाखवली म्हणून १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून जास्त छोट्या पोस्टमास्तरांवर खटले भरले गेले. त्यात भारतीय वंशाचे पुष्कळ होते. एक बाई तर गरोदर असताना तुरुंगात गेली. कोर्टाने यंत्रावर विश्वास ठेवला, माणसावर नाही. ते सॉफ्टवेअर करणाऱ्या फुजित्सू कंपनीत पूर्वी काम केलेला रिचर्ड रोल नावाचा माणूस पुढे आला. बाहेरून पोस्टमास्तरांच्या हिशेबात हात घालता येत होता, हे त्याने आधी टीव्हीवर आणि मग २०१९ मध्ये कोर्टात सांगितलं. त्या वर्षअखेरीच्या निकालात न्यायाधीशांनी प्रणालीत दोष होते हे मान्य केलं, आणि २०२४ मध्ये कायदा करून शेकडो शिक्षा रद्द झाल्या. आतला माणूस बोलला की काय होतं ते हे. माझ्या घरात तर फक्त दहा मिनिटं आणि एक लॅपटॉप लागला.

आणि आता आपलं

आपणही हसतोच की. "ॲपला भूक लागली, अर्धा तास खाऊन गेलं," हा विनोद माझ्याच साइटवर चालायचा. सगळ्यांना माहीत होतं की तास कापले जातायत. सगळे हसायचे. लिहीत एकटे काका होते. म्हणून हात जोडून सांगतो:

रोजची वही ठेवा. कागदाची, आपल्या भाषेत, रोजच्या रोज. वेळ, जागा, काम, जेवायला थांबलो की नाही. पगार आला की चिठ्ठीशी ताळा करा. ओंटारियोत प्रत्येक पगाराला तपशीलवार चिठ्ठी देणं मालकावर बंधनकारक आहे. बहुतेक कामांत आठवड्याला ४४ तासांनंतर दीडपट दर लागतो. रस्ते आणि गटार-पाणीवाहिन्यांच्या कामाला वेगळे आकडे आहेत, ते विचारून घ्या.

जेवणाच्या सुट्टीत काम करायला लावलं तर ती सुट्टी नव्हे, ते काम आहे आणि त्याचे पैसे होतात.

ऑक्टोबर २०२२ पासून ओंटारियोत २५ किंवा जास्त माणसं असलेल्या मालकाने कामगारांवर मोबाइल-संगणकाने कशी नजर ठेवतो याचं लेखी धोरण ठेवलं पाहिजे आणि त्याची प्रत तुम्हाला दिली पाहिजे. मागा. "ॲपमध्ये आपोआप काय वजा होतं?" हा एकच प्रश्न लेखी विचारा.

बुडालेल्या पगाराची तक्रार प्रांताच्या कामगार मंत्रालयाकडे दोन वर्षांच्या आत करता येते, आणि तक्रार केली म्हणून काढून टाकणं किंवा छळणं बेकायदा आहे. एकाच मालकाला बांधलेल्या परमिटवर असाल आणि तिथे छळ होत असेल, तर २०१९ पासून केंद्र सरकार अशा कामगाराला वेगळं खुलं परमिट देऊ शकतं. भीती वाटणार, मला कळतं. म्हणून एकटे जाऊ नका. पाच जणांच्या पाच वह्या एकसारखं बोलल्या की ऑफिसला 'सिस्टीम' म्हणून हात झटकता येत नाही. फिनिक्सवाल्यांना २०२० मध्ये अडीच हजार डॉलरपर्यंतची भरपाई मिळाली ती त्यांची युनियन कमी रकमेवर अडून बसली नाही म्हणून, विनोद चांगले होते म्हणून नव्हे.

गल्फमधल्या भावांनो, तुमचे कायदे वेगळे, पण वही तीच. बँकेत पगार जमा झाला असं यंत्र दाखवत असेल, तरी किती तासांचा झाला हे तुमची वहीच सांगेल.

आणि माझ्यासारख्या सुपरवायझरांनो, आपण मधले. वरच्याला 'हो' आणि खालच्याला 'सिस्टीम' म्हणत पगार घेणारे. पाळण्याची दोरी न बघता सही करणार नाही ना? मग तासही न बघता मंजूर करू नका. मी आता शुक्रवारी दीड तास बसतो. प्रत्येकाला बोलावून विचारतो, "तुमच्या वहीत किती?" सत्तावीसपैकी एकोणीस जणांकडे वही आहे आता. उरलेल्या आठांसाठी मीच डॉलर स्टोअरमधून आणून ठेवल्यात, गाडीत पडून आहेत. ज्याला हवी त्याने मागावी.

काका मार्चमध्ये गावी परत गेले. जाताना ती जुनी वही मला देऊ केली. मी घेतली नाही. म्हटलं, "काका, राहू द्या, दोन वर्षांत कधीही लागेल."